पेशी रुग्णाची, मालकी कोणाची?

कर्करोगाच्या गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात आढळतात, याची नोंद ॲशवर्थ या ऑस्ट्रेलियातील वैद्याने १८६९ सालीच केली होती. परंतु एका मिलिलिटर रक्तातील सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशींतून त्या मोजक्या पेशी वेचणे दीर्घकाळ अशक्यप्राय होते. २००७ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी हजारो सूक्ष्म खांबांमधून रक्त वाहू देऊन त्या पेशी पकडणारी, पोस्टकार्डाहून लहान चकती सिद्ध केली. २०१४ साली तेथीलच गटाने स्तनकर्करोगाच्या ३६ रुग्णांपैकी ६ जणांच्या अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर औषधे तपासली. औषधाची परीक्षा आधी पेशीवर व्हावी, मग रुग्णावर, ही दिशा स्वागतार्हच आहे. विज्ञानाशी आपले भांडण नाही. भांडण मालकीशी आहे.

१९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्यांवर उद्योग उभे राहिले. तिच्या वारसांशी एका कंपनीने तडजोड करायला मात्र २०२३ साल उजाडले.

सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्याला यातील अन्याय समजावून सांगावा लागू नये. ऊस घालणारा सभासद हाच कारखान्याचा मालक, या तत्त्वावर रेठरे बुद्रुकला आणि सांगलीला सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पुढे सहकारात सत्तेची कीड शिरली, म्हणून ते तत्त्व खोटे ठरत नाही. पेशींच्या या व्यवहारात तर कच्चा माल देणारा रुग्णच वर बिल भरतो!

नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सची स्तनकर्करोग शोधणारी रक्तचाचणी २०२२ साली अपोलोमार्फत बाजारात आली, ती ६,००० रुपयांना. रोजगार हमीच्या २०२४-२५ मधील २९७ रुपये दराने ही वीस दिवसांची मजुरी होते. उलट, टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. जत-आटपाडीतील, माण-खटावमधील शेतमजूर स्त्रीला आज कशाची गरज आधी आहे, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही हाताची तपासणी नियमित व्हावी. पेशी वेचण्याचे व वाढवण्याचे संशोधन मिरज व सातारा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सार्वजनिक पैशाने व्हावे. आणि ज्याची पेशी, त्याची लेखी संमती व तिच्यातून होणाऱ्या लाभात त्याचा वाटा, हे कायद्याने बांधून द्यावे.

बेचाळीसच्या चळवळीत याच कृष्णाकाठाने प्रतिसरकार चालवून दाखवले. स्वतःच्या रक्तावरचा हक्क सांगण्याइतके बळ त्या मातीत आजही असले पाहिजे.