कोटीत एक, पण कोणत्या कोटीत?

घटनास्थळावरचा डीएनए आरोपीशी जुळला की अहवालात ‘कोट्यवधींत एक’ असा आकडा येतो आणि तो जणू निसर्गानेच ठरवलेला मानला जातो. हा समज चुकीचा आहे. जुळणी प्रयोगशाळेत दिसते. आकडा हिशेबाने काढावा लागतो. डीएनएच्या ठरावीक जागांवरचे प्रकार लोकांत किती प्रमाणात आढळतात ते पाहून त्या प्रमाणांचा गुणाकार करतात. सोयरिकी सगळ्या समाजात सरमिसळ होतात, हे त्यात गृहीत असते.

अमेरिकेत रिचर्ड लेवॉन्टिन आणि डॅनियल हार्टल यांनी १९९१ मध्ये याच गृहीतकावर बोट ठेवले. भारतात तो आक्षेप जास्तच लागू पडतो. पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार इथला बेटीव्यवहार सुमारे ७० पिढ्यांपूर्वी आपापल्या गटापुरता आक्रसला. त्यामुळे एरवी दुर्मीळ असलेला प्रकार एखाद्या लहान समूहात घरोघरी सापडू शकतो.

मग डीएनएचा पुरावाच टाकाऊ, असे बचावपक्षाने म्हणावे काय? तेही टिकत नाही, कारण या दोषाला उतारा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९६ मध्ये सामान्य लोकसंख्येसाठी ०.०१ आणि लहान, अलग राहिलेल्या समूहांसाठी ०.०३ हा दुरुस्ती-गुणांक सुचवला. समजा, डीएनएच्या एका जागी आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती एकाच प्रकारच्या आहेत आणि तो प्रकार १० टक्के आढळतो. साध्या गुणाकाराने जुळणीची शक्यता १०० त एक येते, ०.०३ धरून ती सुमारे ३७ त एक होते. नमुना सडका असला आणि अशा तीनच जागा वाचता आल्या, तर १० लाखांचा आकडा ५१ हजारांवर उतरतो. वीसेक जागांचा पूर्ण नमुना मिळाला, तर दुरुस्तीनंतरही आकडा प्रचंडच राहतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे: आरोपी नाही, तर दुसरा कोण? संशय सख्ख्या भावावर असेल, तर त्याच तीन जागांचा आकडा अवघ्या ३६ त एकवर येतो. आरोपीची जात पाहून प्रमाणांचा तक्ता निवडणेही चूकच. गुन्हा ज्यांच्यापैकी कोणीही केला असू शकेल, त्या लोकांचा तक्ता हवा. म्हणून अहवालात आकड्याशेजारी तीन गोष्टी नोंदवलेल्या असाव्यात: नमुने कोणत्या लोकांचे, दुरुस्ती किती आणि तुलना कोणाशी.