पत्ता आणा, बाई!

दिवाळीच्या अंकात पोटगीचा विषय काढला म्हणून काही वाचक नाराज होतील. चकलीचा घास तोंडात असताना कोर्टकचेरी कशाला, असे म्हणतील. त्यांना एवढेच सांगतो की, हा विषय घासाचाच आहे.

मी गेली वीस वर्षे मास्तरकी करतो. दर जूनमध्ये चारदोन मुले अशी येतात की, प्रवेशाच्या अर्जावर वडिलांचे नाव असते आणि पत्त्याची जागा कोरी असते. वडील वारलेले नसतात. ते असतात, कुठे असतात ते मात्र घरी कुणाला ठाऊक नसते. "पुण्याला कंपनीत आहेत म्हणतात." "सुरतेला दुसरा संसार थाटलाय म्हणतात." या 'म्हणतात'वर पोर वाढत असते. मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यावर महाराष्ट्रात आईचे नाव बापाच्या नावाआधी येते. चांगलेच झाले. पण नावाने वह्या येत नाहीत.

कायदा या मुलाच्या बाजूने नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. १८९८ च्या फौजदारी संहितेतले ४८८ वे कलम १९७३ च्या संहितेत १२५ वे झाले, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वे झाले. आकडे बदलले, बापाची जबाबदारी तीच राहिली. मूल औरस असो वा अनौरस, त्याला पोसलेच पाहिजे. आई राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. हुकूम मोडला तर थकलेल्या दर महिन्यामागे महिन्यापर्यंत कैद आहे, आणि कैद भोगून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले आहे. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, दोघांनी आपापल्या मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी.

आता याहून अधिक काय हवे? हवा फक्त पत्ता!

अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, असे कलम सांगते. पण साठ दिवस कधीपासून? नोटीस बजावल्यापासून. नोटीस बजावायची कुठे? बाई, पत्ता आणा. बाई जुना पत्ता देते. बेलिफ किंवा शिपाई जातो, आणि कागदावर ठरलेले वाक्य उमटते : 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' पुढची तारीख. तो मुद्दाम चुकवतो आहे अशी कोर्टाची खात्री पटली, तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो. झाला! मग वसुलीचे वॉरंट. ते कुठे बजावायचे? बाई, पत्ता आणा. आणि थकलेली रक्कम वर्षाच्या आत मागितली नाही, तर तिच्यासाठी वॉरंटही निघत नाही. म्हणजे जो नेटाने लपेल, त्याची बाजू भिंतीवरचे कॅलेंडरच लढवते.

दिवसभर दुसऱ्यांची धुणीभांडी करणाऱ्या बाईने संध्याकाळी गुप्तहेराचे काम करावे, अशी ही व्यवस्था आहे. आणि हे ज्या सरकारच्या राज्यात चालते, त्या सरकारला माणूस सापडत नाही असे थोडेच आहे! नोकरी बदलली तरी भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक माणसाच्या मागे जातो. पॅनवाचून पगारदाराचे चालत नाही. आधारचा पहिला क्रमांक २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्या आडगावातला माणूस सरकारला सापडला. प्राप्तिकर बुडवणारा सापडतो. सापडत नाही तो फक्त पोराचे दूध बुडवणारा.

हुबळीच्या एका बाईने हाच रस्ता धरून पाहिला. कोर्टाचा पोटगीचा हुकूम हातात, नवरा बेपत्ता. तिने आधारवाल्यांकडे त्याचा पत्ता मागितला. प्रकरण कर्नाटकाच्या उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये खंडपीठाने सांगितले की, लग्न झाले म्हणून नवऱ्याचा खासगीपणाचा हक्क संपत नाही. त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय पत्ता देता येणार नाही. त्याला पक्षकार करून प्रकरण पुन्हा चालवा. न्यायमूर्तींचा यात दोष नाही. आधारचा कायदाच तसा आहे. पण गंमत पाहा : माणूस सापडत नाही म्हणून पत्ता हवा, आणि पत्ता मिळण्याआधी माणूस हजर हवा!

खासगीपणाचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. उद्या हेच दार उघडले, तर मारकुट्या नवऱ्याच्या घरातून पळालेल्या बाईचा पत्ता त्याच्या हाती जाईल. पण बाईला पत्ता हवाय कशाला? तिला त्याचे तोंडही पाहायचे नाही. तिला पोराचे पैसे हवेत. पत्ता सरकारने पोटात ठेवावा, पगारातून रक्कम कापावी आणि मुलाच्या खात्यात घालावी. अमेरिकेत १९७५ पासून असे बाप शोधण्याचे सरकारी खातेच आहे. १९९६ च्या कायद्याने तिथल्या मालकांवर बंधन आले : नवा नोकर ठेवला की वीस दिवसांत त्याची नोंद सरकारकडे जाते, थकबाकीदारांच्या यादीशी ताडून पाहिली जाते, आणि पगार हाती पडण्याआधी पोटगी कापली जाते. सारे बाप सुधारले असे नाही. थकबाकी तिकडेही डोंगराएवढी आहे. रोजंदारीवाला किंवा धंदेवाला या जाळ्यातून निसटतो, तसा तो इथेही निसटेल. पण निदान पगारदाराला पळून पोट भरता येणार नाही, आणि शोधाशोध आईच्या गळ्यात पडणार नाही.

सगळा दोष सरकारवरही घालता येत नाही. हा बेपत्ता इसम भाऊबीजेला कुठे असतो? बहिणीच्या पाटावर! नवा सदरा घालून, टिळा लावून बसलेला असतो. आळी त्याला पाहते, मेव्हणा त्याच्याशी पत्ते खेळतो, आणि आठवड्याने शिपाई आला की सगळे एका सुरात म्हणतात, "दोन वर्षांत तोंड पाहिलं नाही हो." आत्याबाई, भावाला जरूर ओवाळा. पण भाचा कुठल्या शाळेत जातो, त्याची फी कोण भरते, हे ताट खाली ठेवण्याआधी त्याला एकदा विचारा.

आणि ज्या भगिनींच्या हातात असा कोरडा हुकूम पडून आहे, त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना, मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे विचारावे. नव्या संहितेच्या ९४ व्या कलमाने कोर्टाला कुणाकडूनही कागद मागवता येतात. मालकाचे पगारपत्रक, निधीची नोंद, हे मागवा म्हणून लेखी अर्ज द्यावा. आणि थकबाकीच्या अर्जाला वर्ष उलटू देऊ नये.