तेलालाही तहान लागते?



आमच्या मारुंजीच्या शाळेत चौथीतल्या एका मुलीने परवा मला चांगलंच पेचात पकडलं. तिच्या बाबांचं दुधाचं छोटं दुकान आहे. ऐन पावसाळ्यात त्यांचा डीप फ्रिज बंद पडला. कॉम्प्रेसर बदलला, तरी दोन महिन्यांत पुन्हा बंद! दूध नासलं, आइस्क्रीमचं पाणी झालं आणि तोच खर्च दुसऱ्यांदा बाबांच्या डोक्यावर बसला.

या वेळी दुसरे मेकॅनिक काका आले. नव्या कॉम्प्रेसरच्या नळ्यांना लावलेली रबरी बुचं त्यांनी अगदी शेवटी काढली. मागच्या वेळी ती पावसात दुपारभर उघडी होती, हे बाबांनी सांगताच काका म्हणाले, "मग आतल्या तेलाला पाणी लागलं असणार."

मुलगी मला म्हणाली, "बाई, तेल-पाणी मिसळत नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

शाब्बास! प्रश्न असा हवा. आपलं खायचं तेल पाण्यात मिसळत नाही, हे खरंच. पण सगळी तेलं सारखी नसतात.

पूर्वी फ्रिजमध्ये आर-12 नावाचा वायू आणि साधं खनिज तेल असे. त्या वायूने ओझोनच्या थराला धोका होता. म्हणून 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, 1992 मध्ये भारतही त्यात आला. पुढे आर-134ए हा वायू आला, पण खनिज तेलाशी त्याचं जमेना. मग त्याच्यासाठी एस्टर जातीचं तेल वापरू लागले.

हे तेल मोठं तहानलेलं! हवेतली वाफ ते शोषून घेतं. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून ते बनतं, तेव्हा पाणी बाहेर पडतं. तेच पाणी पुन्हा आत शिरलं आणि यंत्र तापलं, की गाडी उलटी फिरते. तेल फुटून आम्ल तयार होतं. ते आम्ल मोटारीच्या तारा आणि धातू खातं. हवेतला ऑक्सिजनही तेल बिघडवतो, जसं घरातलं तेल खवट होतं.

किती पाणी चालतं? नव्या तेलात साधारण दहा लाख भागांत 50 भाग. म्हणजे लिटरभर तेलात जेमतेम एक थेंब! नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढता येते, पण तेलात मुरलेलं पाणी सहज निघत नाही. म्हणून बूच वेळेवर काढणं, हीच खरी काळजी.

करून पाहा : दोन बिस्किटं घ्या. एक घट्ट झाकणाच्या डब्यात, दुसरं बशीत उघडं ठेवा. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी कोणतं सादळलं, ते पाहा. फ्रिज मात्र उघडू नका हं, आजच्या कित्येक फ्रिजमधला वायू पेट घेणारा असतो!

त्या मुलीने आता दुकानातल्या बिस्किटांच्या बरण्यांची झाकणं घट्ट लावायचं काम स्वतःकडे घेतलं आहे.

तुमच्या बाई