झाडपाल्याचे औषध आणि रुग्णाचे मौन

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी आठवडी बाजार भरला, की भाजीपाल्याच्या दुकानांच्या कडेला मुळ्या, साली, बिया आणि चूर्णाच्या पुड्या मांडून बसलेला विक्रेता दिसतोच. याच तालुक्यातील पोहरादेवीला रामनवमीस मोठी यात्रा भरते. अशा यात्रांतही ही पथारी चुकत नाही. तिच्याभोवती जमणारी मंडळी अडाणीच असतात, असे समजण्याचे कारण नाही. त्यांत शिक्षक असतात, कचेरीतील कारकून असतात, आणि रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी रोज घेणारेही असतात. आता या पथारीच्या जोडीला औषधाच्या दुकानांतील रंगीत डबे आणि घरपोच येणारी शक्तिवर्धक चूर्णे आली आहेत. विकणारे निराळे, आश्वासन मात्र एकच. वस्तू नैसर्गिक आहे, तेव्हा अपाय काही नाही! हे आश्वासन एकदा तपासून पाहावयास हवे.

जी वनस्पती शरीरावर खरोखरच परिणाम घडविते, ती चुकीच्या वेळी, चुकीच्या मात्रेत अपायही करू शकते, हे उघड आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणाविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि आपल्या या मुळीकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पण रक्तदाब उतरविणारी मुळी, आधीच तशी गोळी घेणाऱ्याने आपल्या मनाने घेतली, तर तो प्रमाणाबाहेर उतरेल, हे समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. विदर्भातील माणसाला बिब्बा ठाऊक आहे. त्याचा औषधी उपयोग आयुर्वेदानेच सांगितला आणि शोधन केल्यावाचून तो देऊ नये, हेही आयुर्वेदानेच सांगितले. तेव्हा ‘वनस्पती म्हणजे निरुपद्रवी’ हा समज आयुर्वेदाचा नव्हे. तो बाजाराचा आहे.

या समजाची किंमत अलीकडेच महाराष्ट्राने पाहिली. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे असे सहा रुग्ण आले, की ज्यांनी गुळवेल घेतली होती आणि ज्यांच्या यकृतास इजा झालेली होती. त्यांची माहिती २०२१ साली प्रसिद्ध झाली; पुढील वर्षी देशातील तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. त्या रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी त्याच कुळातील दुसरी, हे नीट तपासलेले नाही, असे त्याचे म्हणणे होते. आक्षेप विचारार्ह आहे. पण वेल ओळखण्यात जाणत्यांची चूक होऊ शकते, तर बाजारातून कांड्या विकत आणणाऱ्या गृहस्थाने ती कशी ओळखावी? म्हणजे या आक्षेपाने धोका कमी होत नाही. उलट तो अधिकच स्पष्ट होतो.

याहून कमी बोलला जाणारा धोका आहे तो दोन औषधांच्या गाठीभेटीचा. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत कारले वा मेथीची चूर्णे भरपूर घेतली, तर साखर एकाएकी खाली जाऊन भोवळ येऊ शकते. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब चढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यास हे विशेष घातक. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफॅरिनसोबत लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल घेतल्यास रक्तस्रावाचा संभव वाढतो. कॅल्शियम किंवा लोहाची साधी गोळीदेखील थायरॉईडच्या गोळीबरोबर घेतली, तर ती गोळी अंगी लागत नाही. दोहोंत सुमारे चार तासांचे अंतर हवे. मिरीतील पायपेरीन तर क्षयावरील रिफाम्पिसिन रक्तात अधिक पोहोचविते. याच गुणाचा उपयोग करून भारतीय शास्त्रज्ञांनी कमी मात्रेची संयुक्त कॅप्सूल तयार केली. जाणत्याच्या हातात जो गुण, तोच अजाणत्याच्या हातात दोष ठरतो. अर्थात, स्वयंपाकातील चिमूटभर मिरी किंवा लसणाची पाकळी निराळी आणि त्यांचा दाट अर्क निराळा.

कायदे नाहीत असे नव्हे. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे. औषधविषयक नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात बिब्बा, बचनाग, धोत्रा, गुंज, पारा अशा विषारी द्रव्यांची यादी आहे आणि ती असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. आहारपूरकांच्या डब्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे लिहिणे बंधनकारक आहे. मात्र ही सूचना बारीक अक्षरांत राहते आणि विक्रेत्याचे तोंडी आश्वासन मोठ्या आवाजात! बाजारातील सुट्या पुडीवर तर वाचावयास काहीच नसते.

म्हणून खरा प्रश्न आहे तो मौनाचा. रुग्ण डॉक्टरला चूर्णाविषयी सांगत नाही. काही जण ते औषधच मानीत नाहीत, तर काहींना रागावून घेण्याची भीती वाटते. डॉक्टरही रांग मोठी असल्याने विचारीत नाहीत. वैद्यांकडे जाणारा इंग्रजी गोळ्यांचे नाव काढीत नाही. परिणामी दोन्ही उपचार एकाच शरीरात चालतात आणि एकाचा दुसऱ्यास पत्ता नसतो.

हे मौन मोडण्यास फार पैसा लागणार नाही. प्रत्येक दवाखान्याच्या केसपेपरवर ‘आणखी काय घेता?’ एवढा एक रकाना असावा आणि तो न रागावता भरून घेतला जावा. अपाय झाल्यास त्याची नोंद औषध-दक्षता केंद्रांकडे जावी. आणि घरातील ज्याला वाचता येते, त्याने, मग तो शिक्षक असो, कारकून असो की महाविद्यालयात जाणारा मुलगा असो, वडीलधाऱ्यांच्या गोळ्या, पुड्या आणि डबे एकाच पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावेत. झाडपाल्यावर श्रद्धा असण्यात गैर काही नाही. ती लपवून ठेवण्यात मात्र जिवाला धोका आहे.