विजयाचा सूर आणि विलापाचा सूर

युद्ध थांबलें कीं कला पुन्हां बहरास येते, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. लेनिनग्राड शहरास जर्मन सैन्याचा वेढा पडलेला असतां, ९ ऑगस्ट १९४२ रोजीं कार्ल एलिआसबर्ग ह्यांनीं उपासमारीनें खंगलेल्या वादकांकडून दिमित्री शोस्ताकोविच ह्यांची सातवी सिंफनी वाजवून घेतली. आरंभींच्या तालमींत कित्येकांच्या अंगीं वाद्य फुंकण्याचेंही त्राण नव्हतें. ध्वनिक्षेपकांवरून ते सूर शहरभर पोंचले. राज्यकर्त्यांनीं त्या रचनेचा गौरव केला, आणि तो यथायोग्यच होता.

परंतु वाचकहो, विजयाचा सूर राज्यसत्तेस जितका गोड लागतो, तितकाच विलापाचा सूर तिला कडू लागतो. २९ व ३० सप्टेंबर १९४१ ह्या दोन दिवसांत कीव्हनजीकच्या बाबी यार नामक घळींत ३३,७७१ यहूदी स्त्रीपुरुष व मुलें ह्यांस नाझींनीं गोळ्या घालून ठार मारिलें. हा आंकडा मारणाऱ्यांच्याच अहवालांतला आहे! युद्धानंतर कित्येक वर्षें त्या जागीं साधें स्मारकही नव्हतें. सरकारचें म्हणणें असें कीं, मेले ते सर्व सोव्हिएट नागरिक. यहूद्यांचा शोक निराळा कशास? एवढ्यानेंही भागलें नाहीं. मॉस्कोच्या यहूदी रंगभूमीचे थोर नट सोलोमोन मिखोएल्स ह्यांचा जानेवारी १९४८ मध्यें खून करविण्यांत आला, पुढल्या वर्षीं त्यांचें नाट्यगृह बंद झालें, आणि १२ ऑगस्ट १९५२ रोजीं यिद्दिश भाषेच्या नामांकित साहित्यिकांस देहान्त शिक्षा झाली. बाबेलच्या बंदिवानांनीं आपल्या वीणा झाडांवर टांगल्या होत्या. येथें तर वादकच उरूं दिले नाहींत.

अशा वेळीं तो विलाप उचलला कोणी? जन्मानें यहूदी नसलेल्या शोस्ताकोविच ह्यांनीं. १९४४ सालीं पियानो, व्हायोलिन व चेलो ह्यांसाठीं लिहिलेल्या त्रिवाद्य-रचनेच्या शेवटच्या भागांत त्यांनीं यहूदी धाटणीची चाल घातली. ती नाचाची आहे, पण ऐकतां ऐकतां अंगावर कांटा येतो. १९४८ सालीं त्यांनीं यहूदी लोककाव्यावर ११ गीतें रचलीं. तीं लोकांपुढें येण्यास १९५५ साल उजाडावें लागलें. मी त्यांस निर्भय म्हणणार नाहीं. तीं गीतें सात वर्षें खणांत राहिलीं, आणि १९६० सालीं ते सत्ताधारी पक्षाचे सभासदही झाले. तथापि १८ डिसेंबर १९६२ रोजीं मॉस्कोंत त्यांची तेरावी सिंफनी गाइली गेली. तिचा पहिला भाग येव्हतुशेंको ह्यांच्या बाबी यारवरील कवितेवर रचलेला होता. ऐन वेळीं मुख्य गायक बदलावा लागला, आणि पुढें कवीस कांहीं ओळीही बदलाव्या लागल्या.

रशियांतील कलेचें पुनरुज्जीवन कित्येक जण १९४५ च्या जयघोषापासून मोजतात. मी तें ह्या सायंकाळपासून मोजीन. ज्या कलेस आपल्या मृतांचीं नांवें घेण्याची बंदी आहे, ती कितीही गाजली तरी तिला जिवंत कसें म्हणावें?

बाबी यार येथें सरकारी स्मारक १९७६ सालीं उभें राहिलें. त्यावरील लेखांत यहूद्यांचा उल्लेख नव्हता. सप्तदीप समईच्या आकाराचें त्यांचें स्वतःचें स्मारक तेथें १९९१ सालीं झालें.