त्यांचा तो आविष्कार, आपला तो जुगाड

२६ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीच्या राजपथावरून छत्तीसगडचा चित्ररथ गेला. विषय होता राज्याची लोकवाद्यं. रथाच्या अग्रभागी धनकुल वाजवणारी बस्तरची बाई दाखवली होती. निवेदकाने वाद्याचं नाव सांगितलं, कॅमेरा पुढच्या राज्याकडे वळला. हे वाद्य पहिल्यांदा कोणी जोडलं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. आपल्याकडे तो विचारायची पद्धतच नाही.

धनकुल म्हणजे काय? जमिनीवर चुंबळीसारख्या कड्यावर मातीचं मडकं. मडक्याच्या तोंडावर सूप. सुपावर धनुष्याचं एक टोक टेकवलेलं. धनुष्याच्या दांड्यावर खाचा पाडलेल्या. वाजवणारी बाई एका हाताने त्या खाचांवर बांबूची चिरलेली काडी घासते, दुसऱ्या हाताने दोरी ओढते. घासण्यातून ताल निघतो, दोरीची थरथर सुपातून मडक्यात उतरते आणि घुमते. त्यावर ती स्वतः जगार गाते, रात्रीमागून रात्री चालणारी कथागीतं. अशा गायिकेला बस्तरमध्ये गुरुमाय म्हणतात. धान्य पाखडायचं सूप, पाण्याचं मडकं आणि शिकारीचं धनुष्य यांतून एका बाईने ताल आणि घुमारा दोन्ही आपल्या दोन हातांत आणले. सतारीची तार घोडीवरून भोपळ्यात जे करते, तेच इथे सुपावरून मडक्यात होतं. फरक एवढाच, की सतारीच्या रचनेला आपण शास्त्र म्हणतो आणि धनकुलला लोकपरंपरा.

आता दुसरं उदाहरण. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी हवाईयन गिटार घेतली, तिला तरफेच्या तारा जोडल्या, वाजवण्याचं तंत्र बदललं आणि वाद्याचं नाव ठेवलं मोहनवीणा. १९९४ साली राय कूडर यांच्यासोबत त्यांना ग्रॅमी मिळालं. त्यांच्या कष्टाबद्दल माझी तक्रार नाही; वाद्य गोड आहे. माझी तक्रार व्याकरणाबद्दल आहे. तिथे वाक्याला कर्ता आहे: अमुक यांनी घडवलं. आपल्या वाद्यांच्या बाबतीत कर्ता गळतो: 'परंपरेने चालत आलं', 'लोकांनी जपलं'. आणि कर्ता जिवंत, समोर उभा असेल, तर त्याच्यासाठी शब्द तयार असतो: जुगाड.

एका चर्चासत्रात मी धनकुल जोडणाऱ्या बाईला 'शोधक' म्हटलं, तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मायेने समजावलं, "बाळ, लोककलेला कर्ता नसतो." कर्ता नसतो, की नोंदवला जात नाही? आपल्या समाजशास्त्राने हे दोन प्रश्न सोयीने एक करून टाकले आहेत.

याचं मूळ आपल्या भाषेतच आहे. दोन वाद्यं मिळून तिसरं झालं, की मराठीत त्याला संकरित म्हणावं लागतं. बियाण्याच्या पिशवीवर हा शब्द निरुपद्रवी वाटतो. पण संकर म्हणजे ब्राह्मणी ग्रंथांची जुनी धास्ती, वर्णसंकर. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात संकरातून जन्मलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींची यादी आहे. त्यातल्या ४९ व्या श्लोकात धिग्वणांना चामड्याचं काम नेमून दिलंय, आणि वेणांना वाद्यं वाजवण्याचं. पुढच्याच श्लोकात त्यांनी राहायचं कुठे तेही सांगितलंय: स्मशानात, डोंगरांवर, झाडांखाली. म्हणजे ज्यांना 'मिश्रण' ठरवलं त्यांच्याच हाती वाद्य दिलं, आणि वाद्य हाती आहे म्हणून गावाबाहेर काढलं. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी जाळलं ते पुस्तक हेच.

म्हणून आपल्या घरांत वाद्याबद्दल जी अढी आहे, ती मला समजते. कातडं ओढणं आणि लग्नात-जत्रेत हुकमावर वाजवणं ही कला नव्हती, ती वेठ होती. ज्या आजोबांनी हलगी खाली ठेवली, त्यांनी संस्कृती बुडवली नाही, मान उचलली. इथे छत्तीसगडमध्ये मोहरी, दफडा, निशान, ताशा यांचा मेळ 'गंडवा बाजा' म्हणून ओळखला जातो. वाद्यवृंदाचं नावच गांडा या अनुसूचित जातीवरून आलंय. अशा घरातला मुलगा वाजवायला नकार देत असेल, तर 'वारसा जपा' असा उपदेश त्याला कुणी करू नये. ज्यांच्या घरात वारशाने जमीन आणि प्राध्यापकी आली, त्यांनी तर मुळीच नाही.

पण वेठ आणि शोध वेगळे आहेत. कसोटी सोपी आहे: वाजवणाऱ्याला 'नाही' म्हणता येतं का, आणि बनवणाऱ्याचं नाव राहतं का? वेठ नाकारताना आपण शोधही टाकून दिला, तर मनूने केलेली वाटणी आपणच पुरी करतो: डोकं त्यांचं, हात आपले.

बँजो बघा. १९१२ साली जपानच्या नागोयात मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेलं ताइशोगोतो बनवलं. तेच भारतात बुलबुल तरंग झालं. मुंबईच्या वस्त्यांत त्याला पिकअप बसला, ते अँप्लिफायरला जोडलं गेलं, आणि कर्ण्यावरून मिरवणूक पेलेल एवढा आवाज त्यातून निघाला. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं काही नातं नाही, तरी नाव पडलं बँजो. जपानी मोरितांचं नाव सापडतं. ज्याने पहिल्यांदा पिकअप लावला त्या मुंबईकराचं नाव मात्र आपल्या हाती नाही. जयंतीच्या मिरवणुकीत आपण ज्या सुरावर नाचतो, त्याचा शोधक आपल्यालाच ठाऊक नाही.

'नाव कशाला? कला सगळ्यांची असते' हा युक्तिवाद ऐकायला उदार आहे. पण नावावरच मानधन, शिष्यवृत्ती आणि नेमणूक ठरते. पेटंट कायद्याचं कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानाला शोध मानत नाही. कंपन्यांनी हळद-कडुनिंब लुटू नये यासाठी ही तरतूद गरजेची आहे. पण परंपरेत खरी भर घालणारा कारागीरही त्याच चाळणीत अडकू शकतो, कारण 'हे तुमच्याकडे होतंच की' एवढं म्हटलं की त्याने काय नवं केलं ते सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर पडतं. हाती ना आराखडा, ना तारीख, ना फोटो.

मी राहते ते भिलाई पोलादाचं शहर. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी पेटली, आणि विदर्भातली कितीतरी कुटुंबं भाकरीसाठी इथे आली. धातू कापणं, वाकवणं, जोडणं आपल्या वडिलांच्या हातात होतं. त्रिनिदादमध्ये वसाहती सरकारने ढोलांवर निर्बंध घातले, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब काळ्या पोरांनी आधी बांबू, मग डबे आणि शेवटी तेलाची पिंपं ठोकून स्टीलपॅन घडवला. त्या देशाने विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट ही नावं जपली. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला. पत्र्याचं पिंप तिथे राष्ट्राचं वाद्य झालं, कारण ठोकणाऱ्याला त्यांनी नाव दिलं.

आपल्याकडेही एकट्याने सगळा वाद्यवृंद अंगावर घेणारी माणसं आहेत. वासुदेव टाळ, चिपळ्या, पावा आणि पायातले घुंगरू एकटाच सांभाळतो. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई पारधी घरातल्या. बायांनी बसूनच पंडवानी गावी हा दंडक मोडून त्या उभ्या राहिल्या, आणि हातातल्या तंबुऱ्याची कधी भीमाची गदा, कधी अर्जुनाचं धनुष्य केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण त्यांचं नाव उरलं ते सन्मानामुळे नव्हे. जातीने बाहेर काढलं तरी त्या गात राहिल्या, म्हणून उरलं.

आपण घरातले पहिले पदवीधर. लिहिण्याचं हत्यार आपल्या हाती आत्ता कुठे आलंय. म्हणून पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा वस्तीत कुणी डबा, पाइप, तुटक्या सायकलची तार जोडून वाजवत असेल, त्याच्याशेजारी वही घेऊन बसा. त्याची परवानगी घ्या. त्याचं नाव, तारीख, कोणता भाग कुठून आणला, आधी काय फसलं, मग काय बदललं, हे त्याच्याच शब्दांत लिहा. वाद्याचं चित्र काढा, आवाज नोंदवा, एक प्रत त्याच्याकडे ठेवा. खैरागढच्या संगीत विद्यापीठात किंवा आणखी कुठे शिकत असाल, तर प्रबंधात 'एक लोककलाकार' असं लिहू नका; त्याची हरकत नसेल तर नाव लिहा. कार्यक्रमाला बोलावलंत तर मानधन आधी ठरवा. आणि कुणी हसून 'काय जुगाड आहे!' म्हणालं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करा: जुगाड नाही, शोध आहे, आणि शोधकाचं नाव हे.

जय भीम.