मांडवातला आवाज चढवू नका, आवरा

जेऊरसारख्या गावात हरिनाम सप्ताह बसला आणि मागच्या रांगेला शब्द कळेना, की हमखास आवाज वाढवला जातो. दुखणं मात्र आवाज कमी असल्याचं नसतं, तो असमान असल्याचं असतं. कीर्तनकार दृष्टान्तात कुजबुजतो, पुढच्याच क्षणी टाळ-पखवाजावर टिपेला जातो. कॉम्प्रेसर हे यंत्र नेमकी ही दरी कमी करतं. गुणोत्तर 3:1 असेल, तर ठरवलेल्या पातळीच्या 12 डेसिबल वर जाणारा आवाज 4 डेसिबलच वर राहतो. मग टीप तेवढीच ठेवून हळू शब्द उचलता येतो.

अशाने कीर्तनातला चढउतार मरतो, असं काही जण म्हणतील. मरतो, पण हावरटपणे 10:1 दाबलं तर. माइक शिट्टी मारेल, हा आक्षेप अधिक वजनदार. कारण शांत क्षणी गेन वाढलेला असतो. म्हणून गेनची ही भरपाई बेताची हवी आणि माइक तोंडाजवळ. उलट डीजेवाले (त्यांना हे यंत्र उत्तम कळतं!) त्याच कॉम्प्रेसरने सगळं दाबून सरासरी आवाज चढवतात. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे; ती यंत्र पाळत नाही, मिक्सरवरचा माणूस पाळतो.